चार सेलांची संध्याकाळ

माणसाने शीळफाट्याला राहू नये, आणि राहायचंच असेल तर मनगटावरचं घड्याळ विकून मग राहावं. ठाण्याहून मुंब्र्यावरून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याण-डोंबिवलीकडून येणारा रस्ता आणि महाप्याकडून येणारा रस्ता असे तीन रस्ते आमच्या दारात एकमेकांना भेटतात, आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या नातेवाइकांसारखे बोलत उभे राहतात. बाहेरचे लोक याला वाहतूक कोंडी म्हणतात. आम्ही संध्याकाळ म्हणतो. आता तर आगीनगाडीच्या बापाची बुलेट ट्रेन येऊ घातली आहे, आणि तिच्यासाठी वांद्र्याहून निघालेलं २१ किलोमीटरचं भुयार, त्यातले ७ किलोमीटर खाडीखालून, नेमकं शीळफाट्याशी येऊन बाहेर डोकं काढणार आहे. एवढ्या लांबून श्वास रोखून आल्यावर बाहेर काय दिसणार आहे याची त्या भुयाराला कोणी कल्पना दिलेली नसावी.

तर परवा बँकेतून परतताना मी शेअर रिक्षात बसलो होतो. बसलो होतो म्हणजे एक पाय आत होता. शेजारी एक तरुण मोबाईलवर अंगठा फिरवत होता. मला मोजायची सवय आहे. एकवीस वर्षं कॅशमध्ये काढली की माणूस जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजतो. फाट्यापासून पुढच्या पंपापर्यंत रिक्षा चाळीस पावलं सरकली, तेवढ्यात त्या मुलाने बावन्न गोष्टी पाहिल्या. एक मांजर, एक नाच, एक स्वामी, दोन भांडणं, मिसळ कशी करावी, वजन कसं घटवावं. एकही पुरती नाही. आवडलं नाही की अंगठा! मला त्याचा हेवा वाटला आणि थोडी कीवही आली. कारण आमच्या लहानपणी अंगठ्याला फक्त सहीऐवजी उमटण्याचं काम होतं. रेडिओचं बटण घरात एकाच माणसाच्या हातात असायचं, आणि तो माणूस म्हणजे आजोबा. ते जे लावतील ते ऐकायचं. खरं म्हणजे तेही काही लावत नसत. मुंबई केंद्र जे लावेल ते तेही ऐकत.

हे मुंबई केंद्र प्रकरण कसं सुरू झालं ते मुळातून सांगितलं पाहिजे, कारण त्यात एक ताळेबंद आहे आणि ताळेबंद दिसला की माझ्यातला बी.कॉम. जागा होतो.

१९२३ साली मुंबईत रेडिओ क्लब नावाच्या हौशी मंडळींनी थोडं ध्वनिक्षेपण करून पाहिलं होतं. पण रीतसर धंदा म्हणून सुरुवात झाली ती २३ जुलै १९२७ रोजी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. महिन्याभराने कलकत्ता. यंत्राची ताकद दीड किलोवॅट. आज आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या स्पीकरला याहून जास्त लागते. वसूल भांडवल सहा लाख, आणि त्यातला मोठा भाग दोन केंद्रं उभारण्यातच उडाला. म्हणजे लग्नाचे सगळे पैसे मांडवावर खर्च करून मग जेवणाचं काय ते विचारायचं, तसा प्रकार.

उत्पन्न कसलं? तर रेडिओ ऐकणाऱ्याने वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढायचा आणि त्यातले आठ कंपनीला मिळायचे. शिवाय परदेशातून येणाऱ्या यंत्रांवर थोडी वर्गणी. वर्षअखेरीला परवाने किती निघाले? अवघ्या हिंदुस्थानात साडेतीन हजारांच्या आसपास. आता आठ गुणिले साडेतीन हजार हा हिशेब मला तिसरीत येत होता. तो सहा लाख भांडवलवाल्या मंडळींना आला नाही याचं मला नवल वाटत नाही. मोठ्या कर्जाच्या फायली मी पाहिल्या आहेत. विनापरवाना ऐकणारेही होतेच. हवेतून येणाऱ्या गोष्टीचे पैसे द्यायचे ही कल्पना आपल्या लोकांच्या पचनी पडायला वेळ लागतो. १ मार्च १९३० रोजी कंपनीने दिवाळं काढलं आणि १ एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. तारीख नवीन आर्थिक वर्षाची म्हणून निवडली की दुसऱ्या कारणाने, हे वाचकांनी ठरवावं. पुढच्याच वर्षी सरकारलाही तोटा परवडेना, म्हणून त्यांनी केंद्रं बंद करायचं ठरवलं. लोकांनी ओरडा केला तेव्हा निर्णय फिरवला, आणि खर्च भागवायला यंत्रांवरची जकात वाढवून शेकडा ५० केली. सरकार कोणाचंही असो, सरकारच असतं.

या सगळ्या गडबडीत १९३५ साली लंडनहून लायोनेल फील्डन नावाचा साहेब नभोवाणीचा पहिला प्रमुख म्हणून आला. याची एक गोष्ट समस्त कारकूनवर्गाने पाठ करावी अशी आहे. संस्थेचं तोवरचं नाव होतं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. उच्चारताना दम लागावा असं. फील्डनला ते बदलायचं होतं, पण सचिवालय बधेना. तेव्हा एका मेजवानीत त्याने व्हाइसरॉय लिनलिथगो यांना कोपऱ्यात गाठून, नाव फार लांब आहे हो, काही सुचवा ना, असा भोळा चेहरा केला. बोलण्याच्या ओघात व्हाइसरॉयच्याच तोंडून ‘ऑल इंडिया रेडिओ’ निघेल अशी व्यवस्था केली आणि मग ‘वा, काय प्रतिभा!’ म्हणून मान डोलावली. नाव मंजूर! ८ जून १९३६. आमच्या शाखेत नवीन पंखा असाच आला. साहेबांना तो स्वतःला सुचला असं वाटत असेपर्यंत तो चालूही होता. (‘आकाशवाणी’ हे नाव म्हैसूरच्या गोपालस्वामींच्या घरगुती केंद्राचं, १९३५ सालचं. सरकारने ते पुढे १९५७ मध्ये उचललं. तोवर आपल्याकडे ‘नभोवाणी’.)

पण मला फील्डनपेक्षा दुसऱ्या एका साहेबाविषयी जास्त प्रेम आहे. वॉल्टर कॉफमन. मूळचा चेक मुलखातला, ज्यू. हिटलरच्या भीतीने १९३४ साली मुंबईला आला. संगीतकार माणूस, खिशात पैसे नाहीत, ओळखी नाहीत. आल्याबरोबर त्याने काय करावं? त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. चेंबर म्युझिक म्हणजे आपल्या भाषेत दिवाणखान्यातली बैठक. शंभर वादकांचा तांडा नाही. तीन-चार माणसं जवळजवळ बसून वाजवणार, ऐकणारेही हाताच्या बोटांवर. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यावर ही बैठक भरे. कॉफमन पियानोवर आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. तीन वर्षांत शंभराच्या वर बैठका झाल्या. पुढे १९३७ पासून १९४६ पर्यंत तो मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता, आणि सकाळी केंद्र उघडताना तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी धून लागत असे, जी ऐकली की चहा उतू गेला असं आमच्या घरी समजत, त्या धुनेचं श्रेय सर्वसाधारणपणे त्यालाच दिलं जातं.

या कॉफमनला आपलं गाणं पहिल्यांदा अजिबात कळलं नाही. ते त्याने कबूलही केलं. पण पुढे त्याने जो विचार केला तो फार थोड्या माणसांना सुचतो. हे संगीत कोट्यवधी माणसांना आवडतं, त्यांनाही मन आणि बुद्धी आहे, तेव्हा चूक संगीतात नसून माझ्यात असणार. मग तो शिकत बसला. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्यावर १९६८ मध्ये त्याने उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. माझ्या काउंटरवर रोज दोनशे माणसं येतात. ‘चूक माझ्यात असेल’ असं म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून पाहायचं आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर काउंटरच्या आतल्या बाजूलाही नाही.

तर अशा माणसांनी मिळून रेडिओची संध्याकाळ घडवली. तिचा साचा साधारण ठरलेला. आधी भाषण, मग गाणं, मग श्रुतिका. मुंबई केंद्राला मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळ्यांची मनं राखायची असत, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा वेळ, आणि त्या थोड्या वेळात ज्ञान, कला आणि करमणूक तिन्ही बसवायची. दिवाणखान्यातला गवई रात्रभर गाणारा. त्याला इथे अर्ध्या तासात ख्याल संपवायचा, कारण पलीकडे बातम्या ताटकळत उभ्या. आपल्या घरोघरची बाजाची पेटी तर १ मार्च १९४० पासून रेडिओवरून हद्दपारच झाली. तिचे सूर ठोकळेबाज, ती आपल्या संगीताला शोभत नाही, असं ठरलं. कीर्तनापासून नाट्यसंगीतापर्यंत पेटीवर वाढलेल्या महाराष्ट्राने हे कसं सोसलं देव जाणे. ती परत यायला १९७० चं दशक उजाडलं. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी, म्हणजे आपल्याच माणसाने, सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली आणि त्याच वर्षी जुलैत शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लोक उठून सिलोनकडे गेले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती काढून सरकारने त्यांना घरी बोलावलं. पण शनिवार रात्र तशीच राहिली. अवघ्या देशाला शास्त्रीय संगीताचा काढा, आठवड्यातून एकदा, झोपण्यापूर्वी.

आणि काढ्यावर गूळ म्हणून विनोद. माझ्या आधीच्या पिढीतल्या कोणासमोरही ‘टेकाडे भावजी’ एवढं म्हणून पाहा. चेहरा उजळतो. ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकर जोशी टेकाडे भावजी, नीलम प्रभू मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर पंत. तीन माणसं, एक घर, चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज, बस्स. त्यांचे चेहरे कोणी पाहिले नव्हते, म्हणून ते आपल्या घरातलेच वाटत. आमच्या आजोबांच्या मते टेकाडे भावजी थेट आमच्या तलाठ्यासारखे दिसत. तलाठ्याला हे कळल्यावर तो आजोबांच्या सातबाऱ्याकडे जरा बऱ्या नजरेने पाहू लागला, असं म्हणतात.

आता यात खोच अशी की ज्याला श्रुतिका ऐकायची त्याला आधीचं गाणं ऐकावंच लागे. मध्येच रेडिओ बंद करून पुन्हा लावायचा म्हणजे बटण झिजतं, असं आजोबांचं शास्त्र. आजोबांचा रेडिओ म्हणजे चार मोठ्या सेलांचा ट्रान्झिस्टर, चामड्याच्या भोकाभोकांच्या अंगरख्यासह. त्याचा परवाना पोस्टातून काढलेला. पासबुकासारखं छोटं पुस्तक, त्यात दरवर्षी तिकिटं लावून शिक्का. परवाना १९८० च्या दशकाच्या मध्याला रद्द झाला तरी आजोबा पुढे दोन वर्षं पोस्टात जाऊन ‘नक्की नको ना?’ म्हणून विचारून येत. सेल संपत आले की आजोबा ते पत्र्यावर उन्हात वाळत घालीत. ऊन खाल्लं की सेलांना पुन्हा चार दिवस जोर येतो, हे त्या काळी सर्वमान्य होतं. सुकट आणि सेल शेजारी शेजारी वाळत. मांजर सेल नेत नसे एवढाच फरक.

१९८८ चा पावसाळा. मी दुसरीत. आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी काही महिन्यांपूर्वी मुंबई केंद्राला पत्र लिहिलं होतं की आगरी समाजात लग्न लावताना धवलारीण जे धवले गाते त्यांवर मी भाषण देऊ इच्छितो. आमच्याकडे लग्न भटजीच्या मंत्राने लागण्याआधी पिढ्यानपिढ्या धवलारणीच्या गाण्याने लागत आलेलं. हळद, तांदूळ, मांडव, नवरा-नवरी, देव, पितर, सगळ्यांना ती गाऊन बोलावते. तिच्या आवाजाशिवाय पान हलत नसे. बाबांनी हे कुठून गोळा केलं? घरातून. माझी आजी धवलारीण होती. शीळ, डायघर, पडले, खिडकाळी, आजूबाजूच्या कितीतरी मांडवांत ती गाऊन आली होती. तेव्हा मात्र बोलावणी कमी होऊ लागली होती. मांडवात बँड आला होता, आणि बँडपुढे एकट्या म्हातारीचा आवाज कुठवर टिकणार?

मुंबईहून खाकी लिफाफा आला. करारपत्र! अटी इतक्या की गृहकर्जाला नसतील. वेळ दहा मिनिटं. बाबांनी भाषण अकरा वेळा लिहिलं. आजोबा हातात घड्याळ घेऊन बसत आणि बाबा वाचत. दहा मिनिटांत बसेना. एकदा बसलं तेव्हा आजोबांचं घड्याळ थांबलेलं निघालं.

ठरल्या दिवशी बाबा इस्त्रीचे कपडे घालून मुंब्र्याहून लोकल पकडून मुंबईला गेले. तिकडे मंत्रालयाजवळ आकाशवाणीची इमारत. परत आल्यावर त्यांनी जे वर्णन केलं ते आमच्या घरात पंढरपूरच्या वर्णनासारखं ऐकलं गेलं. भिंतींना भोकं असलेली खोली, दोन-दोन जाड दारं, आत आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. कागदाला टाचणी लावायची नाही, पानं सुटी ठेवायची, सळसळ झाली तर ती रत्नागिरीपर्यंत ऐकू जाते. लाल दिवा लागला की बोलायचं, आणि वाचतो आहोत असं न दाखवता वाचायचं. आजीने सगळं ऐकून एकच विचारलं, “मंग आता कवा बोलाचं हाय?”

बाबा म्हणाले, “बोलून झालं, आई. त्यांनी टेपवर घेतलं. मी आवाज मुंबईला ठेवून आलोय. पुढच्या आठवड्यात ते लावतील.”

या एका वाक्याने पुढचा सगळा इतिहास घडला.

त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर निम्मा गाव. रामायण बघायला रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्याकडे गर्दी, पण आज गर्दी आमच्याकडे, हे आजोबांना इतकं सुखाचं झालं की त्यांनी पाचपासूनच रेडिओ लावून ठेवला. मोठ्याने. बाजारभाव झाले, शेतकऱ्यांसाठी झालं, बातम्या झाल्या, दुसऱ्या कुठल्या तरी भाषेतलं काहीतरी झालं. बाहेर पाऊस कोसळत होता. आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. आमच्या लक्षात आलं नाही. पावसाळा म्हणजे ऊन नाही. ऊन नाही म्हणजे पत्र्यावर सेल नाहीत. आठ दिवस सेलांच्या पोटात काही गेलं नव्हतं.

निवेदिकेने विषय सांगितला. बाबांचं नाव घेतलं. नाव! ओटीवर एकदम शांतता. मग खाकरल्यासारखा एक आवाज आला. तो बाबांचा की सेलांचा, यावर पुढे बरीच वर्षं मतभेद होते. आणि रेडिओ घरघरत, बारीक होत होत, विहिरीत पडलेल्या माणसासारखा खोल खोल गेला आणि गप्प झाला.

आजोबांनी रेडिओला चापट मारली. दुसरी मारली. सेल काढून चोळले, जागा बदलून घातले, पुढचा मागे, मागचा पुढे. काही नाही. मग धावाधाव. गावात बॅटऱ्या नव्हत्या असं नाही, पण पहिल्या पावसात ज्याच्याकडे बॅटरी आहे तो माणूस रात्री घरी सापडत नाही. तो शेताच्या बांधावर चिंबोऱ्या धरायला गेलेला असतो. पोरं चिखलातून हाका मारत गेली. दोन बॅटऱ्या मिळाल्या, दोन-दोन सेलांच्या. एक बॅटरीवाला सेलांबरोबर स्वतःही आला आणि चिंबोऱ्यांची पाटीही घेऊन आला. पाटी ओटीच्या कोपऱ्यात करकरत राहिली.

या सगळ्या वेळात बाबा खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात भाषणाची कार्बन प्रत होती, घडी घातलेली. मला ती दिसत होती. कोणीतरी ‘मास्तर, तुम्हीच वाचा’ म्हणालं असतं तर त्यांनी कंदिलाखाली वाचलं असतं असं मला आज वाटतं. पण सगळे सेल शोधत होते. मीसुद्धा.

सेल पडले. रेडिओ धडधडीत बोलला. बोलला नाही, गायला. भाषण संपून शास्त्रीय गायन सुरू झालं होतं. कोणी पुरुष गवई, यमन असावा, नुकती आलापी चालली होती. लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात आजी पुढे सरकली, पेटीला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, “यो आपला बालाच गातंय ना?”

कोणी हसलं नाही. सांगायला हवं होतं, पण कोण सांगणार? आजोबा सेलांच्या अपराधाने खाली मान घालून बसलेले. बाबा काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच आजीने हात वर करून त्यांना गप्प केलं. “ऐकू दे.” मुलाचा आवाज ऐकता यावा म्हणून तिने मुलाला गप्प केलं! मग अर्धा तास आमच्या ओटीने ख्याल ऐकला. उठून जायची सोय नव्हती. एक म्हणजे बाहेर पाऊस, दुसरं म्हणजे पुढे श्रुतिका होती, आणि तिसरं म्हणजे मास्तरची आई डोळे मिटून बसली होती. दहा-पंधरा मिनिटांनी चिंबोऱ्यावाला समेवर मान हलवायला लागला. मी शपथेवर सांगतो. पाटीतून एक चिंबोरी बाहेर पडून निवांत चालत गेली, तिच्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं.

श्रुतिकेला सगळे पोट धरून हसले. घरमालक आणि भाडेकरू असं काहीतरी होतं. मला एवढंच आठवतं की बाबाही हसले.

त्यानंतर आजी शनिवारची रात्र चुकवेना. साडेनऊला रेडिओजवळ पाट मांडून बसायची. बाबा तिथेच ओटीवर पोरांच्या वह्या तपासत बसलेले असत, पण तिला त्यात काही अडचण वाटत नसे. त्यांनीच सांगितलं होतं की आवाज मुंबईला ठेवून आलोय. ठेवलेला आवाज ते लोक लागेल तसा काढतात. बँकेत आल्यावर मला या कल्पनेतलं शहाणपण कळलं. मुदत ठेव म्हणजे दुसरं काय? निवेदक दरवेळी वेगळंच नाव सांगतो, हे कोणीतरी काढून पाहिलं. आजी म्हणाली, “सरकारी नोकरी हाय त्याची. खरा नाव कसा सांगतील?” जिल्हा परिषदेचे नियम तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. कधी गायिका असली तर पाच मिनिटं ऐकून म्हणायची, “आज बाला नाय आला,” आणि तरीही उठायची नाही. हळूहळू तिला कळू लागलं. काय कळू लागलं ते सांगता येणार नाही, पण एखाद्या जागेवर ती हाताने अशी खूण करी की मांडवात नवीन बाईने धवला नीट उचलला म्हणजे जी करायची, तीच. एकदा सतार चालली असताना म्हणाली, “आज त्याचा गला बसला असंल, म्हनून वाजवतंय.”

कॉफमनसाहेबाने ‘चूक माझ्यात आहे’ म्हणून गाण्यात पाऊल टाकलं. आजीने ‘पोऱ्या माझा आहे’ म्हणून टाकलं. साहेब ग्रंथापर्यंत गेला. आजी कुठवर गेली हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. पण दोघांच्या हातात त्या वेळी अंगठा फिरवायची सोय असती, तर साहेब पहिल्या मिनिटाला पुढे गेला असता हे नक्की. आजीचं मला सांगता येत नाही. तिने बहुधा सगळा मोबाईल धुंडाळून बाला शोधला असता.

आजी १९९७ साली गेली. बाबांचं ते भाषण आमच्या घरात कोणीही, कधीही ऐकलं नाही. ते कुणावर होतं, त्यात तिचंच किती होतं, हेही तिला कळलं नाही. पुढे मी बँकेत लागलो त्या दिवशी बाबांनी पत्र्याची पेटी उघडली आणि मला मानधनाचा चेक दाखवला. वटवलेलाच नाही! रक्कम मी इथे लिहीत नाही, खातेदाराची माहिती गुप्त ठेवायची सवय लागली आहे. मी नवीन नवीन उत्साहात त्यांना सांगितलं, चेक तारखेपासून सहा महिने चालतो, हा कधीच शिळा झाला. (२०१२ पासून तीनच महिने चालतो. काळ चेकलाही घाई करतो आहे.) चेकच्या खाली ती कार्बन प्रत होती. त्या रात्री मी ती वाचली. मनातल्या मनात नाही, मोठ्याने, घड्याळ लावून. अकरा मिनिटं दहा सेकंद झाली. म्हणजे ते भाषण कधीच दहा मिनिटांत बसलं नव्हतं. बाबांनी तिकडे काय गाळलं, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मी विचारतो तेव्हा ते चष्मा पुसायला घेतात.

परवाच्या रिक्षाचं राहिलंच. पंपाशी पुन्हा सगळं थांबलं तेव्हा रिक्षावाल्याने आपला फोन काचेजवळ टेकवून काहीतरी लावलं. बातम्या असतील म्हणून मी कान दिला, तर तंबोरा. पुरुषाचा आवाज, संथ, कोणाला कुठे जायची घाई नाही असा. ‘बदला ना काका,’ शेजारचा मुलगा म्हणाला. रिक्षावाला म्हणाला, “ऱ्हाऊ दे रे. गाडी तरी कुठं चाललीय?” वीस मिनिटं आम्ही चौघांनी यमन ऐकला. त्या मुलाचा अंगठा मध्ये दोन-तीनदा थांबला. मी मोजत होतो.

घरी पोचलो तर बाबा ओटीवर पेपर वाचत बसलेले. ऐंशीच्या जवळ आले, कान थोडे जड झालेत. मी चपला काढत मोठ्याने सांगितलं, “आज रिक्षात तुमचं गाणं लागलं होतं.”

बाबांनी पेपर खाली केला नाही. पान उलटून म्हणाले, “कुठला राग?”